वाहने दोन, वस्तू एक

महाराष्ट्रातील जैन व्यापारी कुटुंबांना मुंबई परकी नाही. बार्शी, लातूर, अहिल्यानगर, मालेगाव, गाव कोणतेही असो, पेढीचा माणूस वर्षातून दोन-चार वेळा मुंबईला येतोच. मात्र ही मुंबई ठरलेली असते. मूळजी जेठा मार्केट, मंगळदास मार्केट, झवेरी बाजार आणि रात्री मुक्कामाला एखाद्या नातेवाइकाचे घर. स्त्रियांची मुंबई तर याहूनही लहान. लग्नाचा बस्ता, एखाद्या आजारी माणसाची भेट, स्थानकात साधु-साध्वींचे दर्शन आणि परतीची गाडी. ज्या शहरात आपल्या घरच्यांनी पिढ्यान्पिढ्या व्यापार केला, ते शहर अनेकींनी डोळे भरून पाहिलेलेच नसते.

बार्शीच्या एका कापड दुकानदाराच्या घरातील काकींची गोष्ट अशीच होती. दुकानातील नोकर, शेजारी, गल्लीतील मुले सारेच त्यांना काकी म्हणत. वय एकसष्ट. लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाली होती आणि शेठजी जाऊन दोन. चाळीस-एक वेळा त्या मुंबईला आल्या असतील. परंतु एकट्या कधीच नाही, आणि स्वतःच्या कामासाठी तर नाहीच नाही.

या वेळी निमित्त धाकट्या मुलाच्या लग्नाचे होते. मुहूर्त माघातला. पौषात जरा सवड होती म्हणून त्या मालाडला धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला आल्या. निघताना थोरल्या मुलाने हातात पाकीट ठेवले. ‘‘मम्मी, लग्नात नेसायला स्वतःसाठी चांगलं काहीतरी घे. आपल्या दुकानातलं नको. मुंबईतल्या मोठ्या ठिकाणचं घे,’’ असे तो म्हणाला. पाकिटात पन्नास हजार रुपये होते.

बहिणीच्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला. ‘‘ताई, मी येऊ शकत नाही. जावयांना गाडी घेऊन पाठवू का?’’ तिने विचारले. काकी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘नको. मी जाऊन येते.’’ आपल्या तोंडून हे वाक्य निघाल्याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

त्या बुधवारी सकाळी सामायिक झाल्यावर काकींनी नेहमीप्रमाणे चौदा नियम धारले. अनेक घरांतून आजही हा परिपाठ आहे. आज किती द्रव्ये खाणार, किती विगई घेणार, किती वस्त्रे वापरणार, किती वाहनांत बसणार, कोणत्या दिशेला किती दूर जाणार, याची मर्यादा श्रावक-श्राविका सकाळीच ठरवतात आणि संध्याकाळी तिचा हिशेब पाहतात. दिवसाचे अंदाजपत्रकच ते. घरी असताना यात विचार करावा असे फारसे काही नसे. वाहन एकही नाही, दिशा स्थानकापर्यंत. आज मात्र प्रत्येक नियमापाशी थांबावे लागले. वाहने त्यांनी दोन ठरवली, रिक्षा आणि आगगाडी. दिशा दक्षिण, चर्चगेटच्या पुढे पायी जेवढे होईल तेवढेच. मग आपल्या मनाने त्यांनी एक जास्तीचा नियम जोडला. खरेदी झाली तर एकाच वस्तूची आणि वीस हजारांच्या आत. घरी चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी खाणे आटोपायचे, हे तर ठरवायचीही गरज नव्हती. पिशवीत खाकऱ्यांचा डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन त्या निघाल्या.

लोकलच्या लेडीज डब्यात तासभर प्रवास करून त्या चर्चगेटला उतरल्या. बाहेर टॅक्सीवाल्याने विचारले, ‘‘कुठे जायचं?’’ काकींनी मान हलवली. आजच्या नियमात टॅक्सी नव्हती. ओव्हल मैदानाच्या कडेने चालत, विद्यापीठाचा उंच राजाबाई टॉवर पाहत त्या काळा घोड्यापर्यंत आल्या आणि सव्वादहाच्या सुमारास संग्रहालयाच्या दारात उभ्या राहिल्या.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे त्याचे आजचे नाव. जुने मुंबईकर नुसते ‘म्युझियम’ म्हणतात. इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. बांधकाम १९१४ मध्ये पूर्ण झाले. परंतु पहिल्या महायुद्धात तेथे सैनिकांचे रुग्णालय होते आणि लोकांसाठी संग्रहालयाचे दार उघडायला १९२२ साल उजाडले. वरचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो. आत मधल्या दालनात वर पाहिले की जुन्या वाड्याचा लाकडी सज्जा दिसतो आणि त्याखालचे खांब जैन मंदिरांच्या धाटणीचे आहेत. काकी त्या खांबांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. घाई करणारे कोणी नव्हते. ‘चला’ म्हणणारा आवाज नसला की माणूस किती वेळ एका जागी उभे राहू शकते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

कांस्यमूर्तींच्या दालनात त्यांची पावले आपोआप मंदावली. श्रवणबेळगोळहून आलेली बाहुबलींची मूर्ती लहानशीच आहे. डोंगरावरच्या सत्तावन्न फुटी मूर्तीची छायाचित्रे पाहिलेल्या डोळ्यांना ती आरंभी दिसतच नाही. मग दिसतात त्या हातापायांवर चढलेल्या वेली. ध्यानाला उभे राहून इतका काळ लोटला की वेलींनी देहाला झाड मानले, हे सांगायला मूर्तिकाराला थोडेसे कांस्य पुरले. दुसरी मूर्ती ऋषभनाथांची, भोवती इतर तेवीस तीर्थंकर. ती खानदेशात, चोपडा तालुक्यातील चहार्डी येथे सापडलेली. काकींचे माहेर जळगाव जिल्ह्यातले. ज्या गावावरून लहानपणी बैलगाडीने गेलो, त्या गावाच्या मातीत हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे तीर्थंकर होते, हे त्यांना साठी उलटल्यावर मुंबईत समजले.

येथे त्यांची थोडी पंचाईत झाली. घराणे स्थानकवासी, मूर्तिपूजेची परंपरा नाही. समोरच्या मूर्तीला पूजा नाही, पुजारी नाही. क्रमांक आहे आणि काच आहे. तरीही हात जुळले. पायांत चप्पल होती. ती काढावी की नाही, हे ठरेना. शेजारी शाळेच्या सहलीतील एक मुलगी उभी होती. तिने विचारले, ‘‘आजी, हे मंदिर आहे का?’’ काकी म्हणाल्या, ‘‘नाही गं बाळा. पण देव आहेत.’’ मुलीला उत्तर पटलेले दिसले आणि ती पुढे गेली.

चित्रांच्या दालनात कल्पसूत्राचे पान पाहताना मात्र काकींच्या आतली कापड दुकानदारीण जागी झाली. पश्चिम भारतातील या पोथ्या प्रथम ताडपत्रावर लिहिल्या जात आणि पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत कागदावर. लाल पार्श्वभूमी, गडद निळा रंग, सोन्याचा वर्ख, टोकदार नाक आणि चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला दुसरा डोळा. ही शैली एकदा पाहिली की विसरत नाही. या पोथ्या राजांनी नव्हे, बहुतांशी व्यापाऱ्यांनी करवून घेतल्या आणि साधूंना अथवा ज्ञानभांडारांना अर्पण केल्या. शास्त्रदान म्हणतात ते हेच. पोथीच्या अखेरीस दात्याचे नाव येई, आणि अशा प्रशस्तींत श्राविकांचीही नावे आढळतात. कोणी पतीच्या श्रेयासाठी, कोणी आईच्या, कोणी स्वतःच्या कल्याणासाठी पोथी लिहवून घेतली. तलम कापड विकून मिळालेला पैसा या पानांत सोने होऊन बसला आहे.

काकींचे लक्ष मात्र त्रिशलामातेच्या वस्त्रांवर होते. अशा चित्रांत कापडावर हंसांच्या रांगा असतात, फुले असतात, ठिपके असतात. चित्रकाराने ही नक्षी मनाने रचलेली नव्हे. गुजरातेत लाकडी ठशांनी छापलेले मध्ययुगातील सुती कापड इजिप्तमध्ये, जुन्या कैरोजवळच्या फुस्तात येथे उत्खननात मिळाले. त्यातही हंसांची तशीच नक्षी आहे. पोथीत रंगवलेले कापड खरोखर विणले जाई, छापले जाई आणि समुद्रापलीकडे विकले जाई. याच संग्रहालयाचे संचालक राहिलेल्या डॉ. मोतीचंद्र यांनी पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवर १९४९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि भारतीय वेशभूषा व वस्त्रे यांचाही आयुष्यभर अभ्यास केला. दुकानात रोज गज लावून कापड मोजणाऱ्या घराला आपल्या धंद्याचा एवढा जुना कागद पाहायला मिळावा, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि तो लाल रंग. मातेच्या अंगावर, पलंगावर, भिंतीवर, सर्वत्र लाल. काकींनी स्वतःकडे पाहिले. फिकट राखाडी साडी, बारीक काठ. दोन वर्षांत त्यांच्या कपाटातून लाल, केशरी, हिरवे सारे कसे खालच्या कप्प्यात गेले, हे त्यांना आठवेना. ‘हे नेसू नका’ असे कोणी म्हणाले नव्हते. सुना, मुले, नणंदा कोणीही नाही. कोणी काही न म्हणताच रंग गेले होते. धाकट्याच्या लग्नात विधीला जाऊबाई आणि दीर बसतील, हेही कोणी सुचवले नव्हते. काकी स्वतःच म्हणाल्या होत्या, ‘‘मी मागे बसेन.’’ त्यावर धाकटा मुलगा काहीच बोलला नव्हता. त्या दिवशी तो जेवला मात्र नव्हता.

एकच्या सुमारास त्या बाहेर आल्या. काळा घोड्याजवळच्या उडुपी हॉटेलात वेटरने विचारले, ‘‘किती जण?’’ काकींनी एक बोट वर केले. हॉटेलात एकटीने टेबलापाशी बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ‘‘जैन मिळेल?’’ एवढेच विचारावे लागले. मुंबईत हा शब्द धर्माइतकाच स्वयंपाकघराचाही झाला आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांचे लक्ष दोनदा गेले. शेठजी असते तर त्यांनी पहिला घास घेण्यापूर्वी भाव विचारला असता.

जेवण झाल्यावर फोर्टातील सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर त्यांना रिझर्व्ह बँकेचे चलन-संग्रहालय पाहायचे होते. १८ नोव्हेंबर २००४ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्राचीन आहत नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंतचा पैशाचा प्रवास तेथे मांडला आहे. काकींना ओळखीची वाटली ती हुंडी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. एका गावचा सराफ चिठ्ठी लिही आणि शेकडो कोसांवरचा दुसरा सराफ ती मान्य करी. मध्ये फक्त शब्द असे. सासरेबुवांच्या लोखंडी पेटीत असे कागद होते. कोणालाच वाचता येत नाहीत म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ते बांधून माळ्यावर टाकले गेले. ‘घरी गेल्यावर ती पेटी खाली काढायची,’ असे काकींनी मनात टिपून ठेवले.

तेथून हॉर्निमन सर्कल दोन पावलांवर. आज मुंबईतील अत्यंत महागड्या खरेदीच्या जागांपैकी ही एक. गोलाकार रस्ता, मध्ये बाग, भोवती एकोणिसाव्या शतकातील दगडी इमारतींच्या कमानी आणि त्या कमानींखाली जगातील नामांकित दुकाने. काचेआड एखादीच वस्तू मांडलेली. तिची किंमत कोठेही लिहिलेली नाही. पण हे आवार मुळातच बाजाराचे. येथे पूर्वी मोकळे मैदान होते, ‘बॉम्बे ग्रीन’. त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग लागत. टाउन हॉल १८३३ मध्ये उभा राहिला. त्याच्यासमोरच्या वडाखाली शेअरदलाल जमत आणि त्यांच्यात गुजराती, जैन मंडळी होती. पुढे हे वर्तुळ बांधले गेले, १८७२ मध्ये पुरे झाले आणि स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे निर्भीड संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्याला मिळाले. परक्या वाटणाऱ्या या झगमगाटाखाली ओळखीचा पाया आहे.

पहिल्या दुकानात रक्षकाने दार उघडून धरले. आत गारवा, मंद सुगंध, हलके बोलणे. काकींनी एक पर्स उचलली. शिलाई इतकी सुरेख की टाके मोजावेसे वाटावेत. विक्रेता तरुण अदबीने पुढे आला आणि अभिमानाने म्हणाला की हे अस्सल चामडे आहे, कोवळ्या वासराचे. काकींनी पर्स जागच्या जागी अलगद ठेवली. ‘‘काम फार छान आहे,’’ त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. त्या तरुणाने ज्या शब्दावर माल विकायचा, त्याच शब्दाशी त्यांचा व्यवहार थांबला. यात त्याची चूक नव्हती. आपल्या मालाचा गुण सांगणे हे विक्रेत्याचे कामच आहे.

दुसरे दुकान वस्त्रांचे होते. येथील मुलगी आधी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत. काकींनी मराठीत उत्तर दिले तसा तिचा चेहरा सैलावला. ती कल्याणची निघाली. ‘‘मॅम’’ची ‘‘काकी’’ व्हायला पाच मिनिटे पुरली. तिने पैठणी उलगडली. काकींनी पदर उलटा करून मागची बाजू पाहिली. पैठणी हातमागाची की यंत्रमागाची हे मागूनच कळते. मुलगी हसली. ‘‘तुम्हाला कळतं यातलं.’’

‘‘आमचं दुकान आहे. पण मी रेशीम नेसत नाही.’’

‘‘का हो?’’

‘‘कोशात किडा जिवंत असताना तो उकळतात. एका चातुर्मासात साध्वीजींच्या व्याख्यानात ऐकलं, तेव्हापासून सोडलं.’’

मुलगी थोडी विचारात पडली. मग तिने सरळ विचारले, ‘‘मग दुकानात रेशीम ठेवत नाही?’’

काकींना उत्तर देता आले नाही. दुकानात रेशमाचे दोन मोठे कप्पे होते. लग्नसराईचा निम्मा गल्ला त्यावरच. घरात नेसायचे नाही आणि दुकानात विकायचे, हा प्रश्न शेठजींच्या हयातीत एकदा निघाला होता आणि जेवणाच्या ताटावरच संपला होता. आज एका परक्या मुलीने तो पुन्हा समोर ठेवला. ‘‘ठेवतो,’’ त्या खरे तेच म्हणाल्या. ‘‘त्याचा विचार करायचा राहिलाय.’’

मग मुलीने सुती कापड काढले. त्यात कच्छमधील ठशांची एक साडी होती. तलम सूत, मंजिष्ठेसारखा खोल लाल रंग, त्यावर निळ्या-काळ्या ताऱ्यांची नक्षी. अजरख म्हणतात ते काम. कापड धुवायचे, हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, जेथे रंग नको तेथे चुना-डिंकाचा ठसा द्यायचा, काळ्यासाठी लोखंड आणि गुळाचे पाणी, लालसाठी तुरटी, मग निळीचे पिंप, मग पुन्हा धुणे आणि उन्हात वाळवणे. असे चौदा-सोळा टप्पे होतात तेव्हा असे कापड तयार होते. हंस नव्हते. तरी काकींना सकाळचे पान आठवले.

‘‘काय भाव?’’

‘‘साडेअठरा हजार.’’

काकींच्या डोक्यात हिशेब आपोआप सुरू झाला. सूत एवढ्याचे, ठसाईची मजुरी एवढी, ने-आण एवढी. बाकी भाडे हॉर्निमन सर्कलचे आणि या गारव्याचे. ‘‘काही कमी?’’ सवयीने तोंडून निघाले.

‘‘काकी, इथे एकच भाव असतो.’’

काकी मनापासून हसल्या. त्यांच्या स्वतःच्या दुकानात गल्ल्यामागे हीच पाटी तीस वर्षे लटकत होती.

महागड्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या जैन माणसाच्या मनात येथे एक गाठ पडते. अपरिग्रहाचे व्रत ऐकत तो वाढलेला असतो. आणि त्याच्या घरची चूल पेटते ती दुसऱ्या कोणाच्या खरेदीवर. ग्राहकाच्या हौसेला नावे ठेवावीत तर आपल्याच अन्नाला नावे ठेवल्यासारखे होते. हौस भागवत राहावे तर तिला अंत नाही. गृहस्थासाठी शास्त्राने वाट सांगितली ती संपूर्ण त्यागाची नव्हे, परिमाणाची. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या ढिगावरून नव्हे, तर मनाच्या मूर्च्छेवरून, आसक्तीवरून करून दिली आहे. म्हणूनच मर्यादा ठरवायची ती दुकानात उभे राहून नव्हे, तर सकाळी, वस्तू समोर नसताना. समोर वस्तू असताना ठरवलेली मर्यादा ही बहुधा किमतीच्या चिठ्ठीएवढी असते.

काकींची मर्यादा सकाळची होती. एक वस्तू, वीस हजारांच्या आत. साडी त्यात बसत होती. तरीही त्या पाच मिनिटे हातात पदर धरून उभ्या होत्या. प्रश्न पैशाचा राहिलाच नव्हता. ही साडी घेतली तर ती नेसावी लागेल. नेसली तर मांडवात मागे बसता येणार नाही. लाल रंग मागच्या रांगेत लपत नाही. जाऊबाई काय म्हणतील? माहेरची माणसे काय म्हणतील? आणि ते काहीच म्हणाले नाहीत तर?

‘‘कोणासाठी बघताय?’’ मुलीने विचारले. ‘‘सुनेसाठी?’’

‘‘नाही,’’ काकी म्हणाल्या. ‘‘मला.’’

पाकिटातील उरलेल्या नोटा त्यांनी पुन्हा पिशवीच्या तळाशी ठेवल्या. बाहेर पडताना त्यांना आठवले, कपाटात नवी साडी आली की जुनी एक बाहेर काढायची, हाही नियम त्यांनी कधीतरी घेतला होता. राखाडी बऱ्याच होत्या.

पाच वाजून गेले होते. उन्हे उतरू लागली होती. टॅक्सी नाहीच, काकी फोर्टातून चालत पुन्हा ओव्हल मैदानाशी आल्या आणि एका बाकावर बसल्या. समोर राजाबाई टॉवर. हा मनोरा १८६९ ते १८७८ या काळात बांधला गेला. उंची २८० फूट. त्यासाठी दोन लाख रुपये देणारे प्रेमचंद रायचंद हे जैन व्यापारी, कापसाचे आणि शेअर बाजाराचे त्या काळचे बादशहा. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठीही त्यांनी तेवढीच रक्कम दिली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ते युद्ध १८६५ मध्ये संपले आणि मुंबईचा बाजार कोसळला. त्यात प्रेमचंदांचीही फार मोठी हानी झाली. तेजीत हाती आलेले बहुतेक सारे गेले. जे देऊन टाकले होते ते आजही उभे आहे. मनोऱ्याला नाव आहे त्यांच्या मातोश्री राजाबाईंचे. सांगतात की त्या अंध होत्या, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम होता, आणि कोणाला न विचारता वेळ कळावी म्हणून मुलाने हे घड्याळ उभारले.

काकींनी डबा उघडला. एका अंध श्राविकेला संध्याकाळ झाली हे कळावे, एवढ्यासाठी म्हणे हा मनोरा. आणि आज दीडशे वर्षांनी त्याच्याच समोर दुसरी एक श्राविका एकटी बसून खाकरा खात होती. मैदानात मुले क्रिकेट खेळत होती. पश्चिमेकडील इमारतींच्या गच्च्यांवर ऊन टेकले होते. घड्याळात पावणेसहाचे टोले पडले तेव्हा काकींनी शेवटचा घोट घेतला, बाटलीचे झाकण लावले आणि हात जोडून पच्चक्खाण घेतले.

फोन वाजला. थोरली सून होती.

‘‘मम्मी, कुठे आहात? सगळं ठीक ना?’’

‘‘ठीक आहे. चर्चगेटला निघाले आता.’’

‘‘काय घेतलं?’’

‘‘साडी. सुती आहे.’’

‘‘रंग कोणता?’’

काकींनी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिले. ‘‘लाल,’’ त्या म्हणाल्या.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. दुकानाचा आवाज येत होता, कोणीतरी कापड फाडल्याचाही. मग सून म्हणाली, ‘‘ब्लाऊज मुंबईत शिवायला टाकू नका. इथे आपल्या मास्तरांकडे टाकू. लग्नाला पाच आठवडे आहेत, होऊन जाईल.’’ आणि थोडे थांबून तिने विचारले, ‘‘धाकट्या भैयांना मी सांगू, की तुम्ही सांगता?’’

‘‘मीच सांगते,’’ काकी म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावून स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या.